सोसायटी, कॉन्डोमिनियम आणि कायदा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली अठरा वर्षं मी ठाणे-डोंबिवली पट्ट्यातल्या गृहनिर्माण सोसायट्यांचे हिशेब लिहितो. हिशेब लिहिणाऱ्याला सोसायटीच्या ऑफिसात कोपऱ्यातली खुर्ची मिळते, आणि तिथून सगळी भांडणं नीट ऐकू येतात. खालचे प्रश्न त्या खुर्चीत बसून ऐकलेले आहेत. उत्तरं महाराष्ट्रापुरती. मी वकील नाही, तेव्हा कोर्टाची पायरी चढायची असेल तर आधी कागद घेऊन वकिलाकडे जा. कागद म्हणजे कोणते, ते पुढे येईलच. बहुतेक प्रकरणं तिथेच अडतात.

आमची सोसायटी आहे की कॉन्डोमिनियम? लिफ्टमध्ये सगळे सोसायटीच म्हणतात.

लिफ्टमध्ये काहीही म्हणा, कपाटात काय आहे ते बघा. तुमच्याकडे शेअर सर्टिफिकेट असेल तर ती सहकारी गृहनिर्माण संस्था. तिला महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० लागू होतो. ९ मार्च २०१९ पासून या कायद्यात गृहनिर्माण संस्थांसाठी १३ब हे वेगळं प्रकरण आलं आहे. शेअर सर्टिफिकेटऐवजी 'डीड ऑफ अपार्टमेंट' असेल आणि बिल्डरने 'डीड ऑफ डिक्लरेशन' नोंदवलं असेल, तर ते कॉन्डोमिनियम. त्याला महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप अधिनियम, १९७० लागू. पुण्याकडे हा प्रकार बराच दिसतो.

सोसायटीत जमीन आणि इमारत संस्थेच्या नावावर होते किंवा व्हायला हवी असते. तुमच्या हाती शेअर्स आणि त्याबरोबर येणारा फ्लॅटचा हक्क. कॉन्डोमिनियममध्ये फ्लॅट तुमचा, आणि जमीन, जिना, गच्ची यांत तुमचा ठरावीक टक्क्यांचा अविभाज्य हिस्सा. तो टक्का डीडमध्ये छापलेला असतो. तो कशाला लागतो ते पुढच्याच प्रश्नात कळेल.

माझा वन बीएचके, समोरच्यांचा थ्री बीएचके. मेंटेनन्स सारखाच का?

सोसायटी असेल तर बरंचसं सारखंच येणार. वॉचमन, सफाई, जिन्यातले दिवे, ऑफिसचा खर्च, माझ्यासारख्याचा पगार हे सगळं सेवा शुल्कात मोडतं आणि ते सगळ्या फ्लॅटना समान. थ्री बीएचकेवाल्यासाठी वॉचमन तीनदा सलाम ठोकत नाही, असा त्यामागचा विचार. पण बिलातली प्रत्येक ओळ समान नसते. पाणीपट्टी नळजोडांच्या संख्येवर. मालमत्ता कर पालिकेने त्या फ्लॅटवर लावला असेल तितका. दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंड (इमारतीच्या मोठ्या कामासाठी साठवायची रक्कम) किमान ०.२५ टक्के. हा खर्च म्हणजे तुम्ही फ्लॅटला मोजलेली किंमत नव्हे, जमिनीचा भाग वगळून नुसत्या बांधकामाचा. तुमच्या फ्लॅटचा बांधकाम खर्च १५ लाख धरला, तर वर्षाला दुरुस्ती निधी ११,२५० आणि सिंकिंग फंड ३,७५० रुपये. फ्लॅट मोठा तर हे दोन्ही मोठे. म्हणजे मोठ्या फ्लॅटवाल्याचं बिल शेवटी थोडं जास्तच निघतं, फक्त लोकांना वाटतं तितकं नाही.

कॉन्डोमिनियमचं गणित उलटं. १९७० च्या कायद्याप्रमाणे सामाईक खर्च अविभाज्य हिश्श्याच्या प्रमाणात वाटायचा. पुण्यातल्या एका मोठ्या कॉन्डोमिनियममध्ये सगळ्यांना एकच दर लावला होता. लहान फ्लॅटवाल्यांनी तक्रार केली. उपनिबंधक (सहकार खात्याचा सोसायट्यांवर देखरेख करणारा अधिकारी), मग सहकार न्यायालय, मग मुंबई उच्च न्यायालय असा त्या तक्रारीचा प्रवास झाला, आणि २०२५ साली उच्च न्यायालयानेही हिश्श्याप्रमाणेच मेंटेनन्स घ्या असं सांगितलं. तेव्हापासून 'आमच्या सोसायटीतही क्षेत्रफळावर घ्या' असे अर्ज माझ्या टेबलावर येऊ लागले आहेत. बातमी अर्धी वाचल्याचा परिणाम. तो निकाल सोसायटीला चिकटवता येत नाही.

तळमजल्यावर राहतो, लिफ्ट वापरतच नाही. तरी लिफ्टचे पैसे?

हो. लिफ्टचा चालवण्याचा आणि देखभालीचा खर्च त्या इमारतीतल्या सगळ्यांना समान.

दोन वर्षांची थकबाकी आहे. पाणी तोडायचं का?

तोडू नका. असा अधिकार उपविधींमध्ये, म्हणजे सोसायटीच्या नियमावलीत, कुठेही दिलेला नाही, आणि पाणी बंद केल्यावर पोलीस चौकीत आरोपीच्या बाजूला कमिटी उभी राहते. मी हे एका सोसायटीत पाहिलंय. थकबाकी ४० हजारांची, पण पाणी तोडल्याच्या तक्रारीवर कमिटीने वकिलाला त्याहून जास्त मोजले. थकबाकीदाराने तोवर एक रुपया भरलेला नव्हता.

सरळ रस्ता कलम १५४ब-२९ चा. पूर्वी हेच काम कलम १०१ खाली होत असे, म्हणून जुने सेक्रेटरी अजून 'एकशे एक टाकू' म्हणतात. थकबाकीदाराला लेखी नोटिसा द्यायच्या, ठराव करायचा, खातेउतारा काढायचा आणि उपनिबंधकांकडे अर्ज करायचा. सुनावणी होते, रक्कम खरी ठरली की वसुली दाखला मिळतो. त्यावर वसुली अधिकारी जप्तीपर्यंत जाऊ शकतो. दाखला हातात आल्यावर निम्मे लोक चेक घेऊन स्वतःच येतात.

अर्ज फेटाळला जातो तो बहुतेक वेळा व्याजामुळे. आदर्श उपविधींप्रमाणे (सहकार खात्याने दिलेल्या नमुन्याप्रमाणे) थकबाकीवर जास्तीत जास्त वार्षिक २१ टक्के, तेही सरळ व्याज. किती ते सर्वसाधारण सभेने ठरवायचं. ४० हजारांवर वर्षाला ८,४०० रुपये, यापुढे नाही. पण बिलं काढायच्या बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये मागच्या बिलाची एकूण बाकी, व्याजासकट, पुढच्या महिन्याच्या व्याजाला धरली जाते. व्याजावर व्याज चढतं आणि कोणाच्या लक्षात येत नाही. काही ठिकाणी 'महिना दोन टक्के' असा ठरावच असतो, म्हणजे वर्षाला २४. समोरच्याचा वकील पहिलं बोट तिथेच ठेवतो. अर्ज करण्याआधी मुद्दल आणि व्याज वेगवेगळ्या रकान्यांत मांडून घ्या.

फ्लॅट विकत घेतोय. कमिटी दोन लाख 'डोनेशन' मागते.

९ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाप्रमाणे हस्तांतरण अधिमूल्य, म्हणजे आपण ज्याला ट्रान्सफर प्रीमियम म्हणतो ते, महापालिका हद्दीत जास्तीत जास्त २५ हजार रुपये. नगरपालिकांत वर्गाप्रमाणे २० ते १० हजार, ग्रामपंचायतीत ५ हजार. याशिवाय ट्रान्सफर फी ५०० आणि प्रवेश फी १०० रुपये. संपलं. इमारत निधी, मंदिर निधी, रंगकाम निधी अशा नावांनी सभासदत्वाच्या बदल्यात मागितलेली वरची रक्कम बेकायदा. वारसाला किंवा घरातल्या घरात नाव लावताना तर अधिमूल्यही लागत नाही.

आता व्यवहारातली गोष्ट. घेणारा आणि विकणारा दोघंही घाईत असतात, बँकेला एनओसी हवी असते, आणि लोक पैसे देऊन मोकळे होतात. द्यायचेच झाले तर चेकने द्या आणि पावतीवर कशाचे ते लिहून घ्या. 'ऐच्छिक देणगी' असं लिहिलेल्या पावतीवर मुकाट्याने सही केलीत, तर नंतर तुमच्यासाठी भांडायला काही उरत नाही.

फ्लॅट भाड्याने द्यायचाय. कमिटी म्हणते बॅचलर नको, आणि भाड्याच्या दहा टक्के द्या.

दोन्ही चूक. भाडेकरू ठेवायला सोसायटीची परवानगी लागत नाही, कळवावं लागतं. लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवलेला हवा (भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५), त्याची प्रत सोसायटीला द्यायची आणि पोलिसांना माहिती द्यायची. कुटुंबवालाच हवा, अमुक जातीधर्माचा नको, मांसाहारी नको, या अटींना उपविधींत जागा नाही. तोंडी मात्र सगळीकडे चालतात हे मलाही माहीत आहे. म्हणून नकार लेखी मागा. लेखी नकार देणारा सेक्रेटरी मी अजून पाहिलेला नाही.

दहा टक्क्यांचा घोळ असा. १ ऑगस्ट २००१ च्या आदेशाने बिनवापर शुल्क, म्हणजे नॉन-ऑक्युपन्सी चार्ज, सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांवर आणलं. भाड्याच्या नाही, आणि अख्ख्या बिलाच्याही नाही. समजा बिल ३,४०० चं आहे आणि त्यात सेवा शुल्क १,५०० रुपये आहे. तर शुल्क महिना १५० रुपये. ३४० लावलं असेल तर बिल परत करा. सोसायट्यांनी या आदेशाला उच्च न्यायालयात आव्हान दिलं होतं, ते २००७ मध्ये फेटाळलं गेलं. फ्लॅटमध्ये तुमचे आईवडील, भाऊबहीण, मुलगा, मुलगी, सून, जावई राहत असतील तर हे शुल्क लागतच नाही. फ्लॅट नुसता कुलूपबंद ठेवला, तरी लागत नाही.

बिल्डरने मला स्टिल्टमधलं (इमारतीखालच्या खांबांमधलं) पार्किंग तीन लाखांना विकलं. आता सोसायटी म्हणते ते तुमचं नाही.

या प्रश्नावर लोक आवाज चढवतात, कारण पैसे खरे गेलेले असतात.

३१ ऑगस्ट २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सोसायटी या प्रकरणात सांगितलं की स्टिल्टची जागा सामाईक आहे, बिल्डरला ती वेगळी विकता येत नाही. प्रकरण दहिसरचं, कायदा आपलाच १९६३ चा मोफा, बिल्डरने फ्लॅट विकताना काय पाळायचं ते सांगणारा. उघड्या जागेचं तर विचारूच नका. रेरात (२०१६ च्या स्थावर संपदा कायद्यात) 'गॅरेज' म्हणजे वर छप्पर आणि तीन बाजूंना भिंती असलेली जागा. तुमच्या स्टिल्टला तीन भिंती आहेत का, ते खाली जाऊन बघून या.

म्हणजे जुन्या इमारतीत बिल्डरचं 'अलॉटमेंट लेटर' कमिटीला बांधील नाही. वाटप सर्वसाधारण सभेने ठरवलेल्या पद्धतीने कमिटीने करायचं. आधी येईल त्याला आधी, सहसा एका सभासदाला एक जागा, आणि गाड्या जास्त, जागा कमी असतील तर दरवर्षी चिठ्ठ्या. दुसरी गाडी हवी असेल तर जागा उरल्यावर. पार्किंग मिळालेल्याने ती जागा परस्पर विकायची किंवा भाड्याने द्यायची नाही.

हे सगळं सांगून झाल्यावर मी सेक्रेटरींना एक गोष्ट विचारतो : पैसे मोजलेल्या माणसाच्या जागेवर उद्या सकाळी दुसऱ्याची गाडी लावणार का? कायदा तुमच्या बाजूने असला तरी जिन्यात रोज भेटायचंय. एका सोसायटीने शहाणपणा केला. ज्यांनी पैसे मोजले होते त्यांची जागा ते स्वतः राहतात तोवर तशीच ठेवली, आणि फ्लॅट विकला की जागा सोसायटीकडे परत, असा ठराव घेतला. काटेकोर कायद्यात बसतो का, यावर वकील तासभर बोलतील. पण तिथे सात वर्षं कोणी कोर्टात गेलेलं नाही.

वरच्या फ्लॅटमधून गळती आहे. वरचे म्हणतात सोसायटीचं काम, सोसायटी म्हणते तुम्ही आपसात बघा.

पाणी कुठून येतंय यावर ते ठरतं. वरच्यांच्या बाथरूमची फरशी, सिंक, आतली पाइप फुटली असेल तर खर्च वरच्यांचा. डक्टमधली सामाईक लाइन, बाहेरची भिंत, गच्ची यांतून येत असेल तर सोसायटीचा. शेवटच्या मजल्यावर पावसाच्या पाण्याने छताचं प्लास्टर पडलं, तर तेही सोसायटीनेच दुरुस्त करायचं.

अडचण अशी की पाणी आपला पत्ता सांगत नाही. बेडरूमच्या कोपऱ्यातला डाग मी स्वतः तीन महिने पाहिलाय. नारळाएवढा होता तो थाळीएवढा झाला, कडेला पिवळी रेघ, मध्ये फुगलेला रंग. वरचे म्हणायचे डक्ट, प्लंबर म्हणायचा बाथरूम. शेवटी वरचा नळ दोन दिवस बंद ठेवून बघितलं. डाग वाळला नाही, म्हणजे डक्टच. हा साधा प्रयोग आधी करा. नाहीतर सोसायटीच्या खर्चाने इंजिनिअरचा लेखी अहवाल घ्या. अहवालाशिवाय सहकार न्यायालयात गेलात तर तिथेही पहिला प्रश्न तोच येणार. वरचे पाहणीला दार उघडत नसतील, तर कमिटीने रीतसर नोटीस देऊन पाहणी करायची. उपविधी तो अधिकार देतात.

एजीएमला (वार्षिक सर्वसाधारण सभेला) वीसच माणसं येतात. ती सभा कायदेशीर का?

सभासदांचे दोन तृतीयांश किंवा वीस, यांतला जो आकडा लहान तो कोरम, सभेला लागणारी किमान हजेरी. म्हणजे २०० सभासदांच्या सोसायटीतही वीस पुरतात. तेही नसतील तर सभा अर्धा तास तहकूब होते. नोटिशीत तसं लिहिलेलं असेल तर त्यानंतर कोरम लागत नाही. स्टिल्टमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या, वड्यांचा वास, आणि घड्याळाकडे बघत बसलेले नऊ जण : महाराष्ट्रातल्या निम्म्या सभा अशाच 'तहकूब' होऊन पुन्हा सुरू होतात. त्या वैध आहेत.

सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, आणि नोटीस पूर्ण १४ दिवसांची. मोजताना नोटिशीचा आणि सभेचा दिवस धरू नका. विशेष सभेला पाच दिवस. एक पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केली, तर महिन्याच्या आत विशेष सभा बोलवावीच लागते. पण अशी मागणी करून बोलावलेल्या सभेला कोरम झाला नाही तर ती तहकूब न होता बरखास्त होते. मागणी करणारे स्वतःच सुट्टीला गावी गेलेले मी पाहिलेत.

आता इतिवृत्त. सभेत तुम्ही वीस मिनिटं तावातावाने बोललात, टाळ्याही पडल्या, आणि मिनिट्समध्ये 'सभासदांनी चर्चा केली' एवढंच आलं, तर नोंदीपुरते तुम्ही गप्प होतात. विरोध असेल तर 'माझा विरोध नावानिशी नोंदवा' असं सभेतच म्हणा आणि त्याच आठवड्यात पत्र देऊन पोच घ्या. कच्चं इतिवृत्त आल्यावर सूचना लेखी द्या. पोच नसलेलं पत्र आणि व्हॉट्सॲप ग्रुपवरचा संताप यांची किंमत उपनिबंधकांच्या टेबलावर जवळपास सारखीच.

हिशेब दाखवत नाहीत. माहितीचा अधिकार वापरू का?

सोसायटीवर थेट चालत नाही. सहकारी संस्था हे सरसकट सार्वजनिक प्राधिकरण नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१३ मध्ये सांगितलं आहे. पण सभासद म्हणून तुमचा हक्क त्याहून सोपा आहे. कायदा, उपविधी, लेखापरीक्षित ताळेबंद, सर्वसाधारण सभेची इतिवृत्तं आणि तुमच्या स्वतःच्या व्यवहारांच्या नोंदी बघता येतात आणि ठरलेली फी भरून प्रती मिळतात. लेखी अर्ज करा. नाही दिल्या तर उपनिबंधकांकडे तक्रार. सोसायटीने उपनिबंधक कार्यालयात जे काही दाखल केलंय, ते मात्र माहितीच्या अधिकारात त्या कार्यालयाकडून मिळतं.

जुन्या सेक्रेटरीने रेकॉर्ड घरी नेऊन ठेवलं असेल, तर कलम ८० खाली दप्तर ताब्यात घेण्याची कारवाई होऊ शकते. एका ठिकाणी अख्ख्या सोसायटीचं दप्तर एका रेक्झिनच्या पिशवीत, माजी सेक्रेटरींच्या दिवाणाखाली, चार वर्षं होतं. नोटीस गेल्यावर पिशवी वॉचमनच्या हाती परत आली. आत शेअर रजिस्टर नव्हतं.

बाबांनी धाकट्या भावाला नॉमिनी केलं. म्हणजे फ्लॅट त्याचा?

नाही. नॉमिनेशनमुळे सोसायटीला कोणाशी व्यवहार करायचा एवढंच ठरतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर नॉमिनीला 'तात्पुरता सभासद' म्हणून घेतात. वारस नक्की झाले, म्हणजे मृत्युपत्राने, वारस दाखल्याने किंवा सगळ्यांच्या नोंदणीकृत हक्कसोड-वाटणीने, की मग कायमचं सभासदत्व. मालकी वारसा कायद्याने किंवा मृत्युपत्राने जाते. बहिणीचा हिस्सा धाकट्याच्या नॉमिनेशनने बुडत नाही.

कमिटीने या भांडणात न्यायाधीश व्हायचं नाही. कोण खरा वारस, कोणी बाबांची सेवा केली, कोण परदेशात बसलं, हे ठरवणं सोसायटीचं काम नव्हे. कागद आला की नोंद करायची. आणि घरात सगळं गोड असेल तेव्हाच मृत्युपत्र करा. नॉमिनेशन फॉर्म भरला म्हणजे झालं, असं समजून बसलेली कितीतरी घरं मी नंतर सहकार न्यायालयाच्या बाकावर बसलेली पाहिलीत.

बिल्डरने कन्व्हेयन्स केलेलं नाही आणि आता तो सापडतही नाही.

मोफाखाली बिल्डरने सोसायटीची नोंदणी झाल्यापासून चार महिन्यांत जमीन-इमारत संस्थेच्या नावे करून द्यायची असते. रेराच्या प्रकल्पांत भोगवटा प्रमाणपत्रापासून तीन महिने. तीस-तीस वर्षं न केलेले बिल्डर आहेत, कारण जमीन त्यांच्या नावावर असली की वाढीव एफएसआयवर (त्या जमिनीवर आणखी बांधायच्या परवानगीवर) डोळा ठेवता येतो. यावर २००८ मध्ये मोफाच्या कलम ११ मध्ये मानीव अभिहस्तांतरण आलं. लोक त्याला डीम्ड कन्व्हेयन्स म्हणतात. सोसायटी जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करते, बिल्डरला आणि जमीनमालकाला नोटीस जाते, ते आले नाहीत तरी सुनावणी होते, आणि प्रमाणपत्र मिळालं की दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदतो. पुढे सातबारा किंवा मालमत्ता पत्रकावर नाव चढवून घ्यायचं. बरेच जण दस्त नोंदवून पेढे वाटतात आणि नाव चढवायचं विसरतात. भोगवटा प्रमाणपत्र नाही म्हणून अर्ज अडत नाही, त्यासाठी स्वयंघोषणापत्र चालतं.

हे काम पुढच्या वर्षावर ढकलू नका. पुनर्विकासाच्या वेळी पहिला प्रश्न येतो तो जमीन कोणाची, हा.

पुनर्विकासाला चार जणांचा विरोध आहे. सगळं थांबणार का?

थांबत नाही. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाप्रमाणे, कलम ७९अ खाली, सभेला दोन तृतीयांश सभासद हजर हवेत आणि निर्णयाला ५१ टक्के संमती. पूर्वीच्या २००९ च्या निर्णयात हा आकडा ७५ टक्के होता, तोच अजून अनेकांच्या डोक्यात बसलाय. मुंबई उच्च न्यायालयाने पुन्हा पुन्हा सांगितलंय की सभासद झालात की तुमचा आवाज संस्थेच्या आवाजात विलीन होतो. बहुमताचा निर्णय रीतसर झाला असेल तर चार जणांना इमारत अडवून ठेवता येत नाही. घर रिकामं करण्याचे आदेश निघतात.

'रीतसर' या शब्दावर मात्र थांबा. विरोधकांना जिंकायचं असेल तर तिथेच जागा आहे, आणि कमिटीला हरायचं असेल तरीही. आधी पुनर्विकास करायचा की नाही यावर सभा. मग आर्किटेक्ट किंवा पीएमसी (प्रकल्प सल्लागार) नेमणं, त्यांचा व्यवहार्यता अहवाल सभासदांना वाचायला देणं, निविदा मागवणं. विकासक निवडायची सभा उपनिबंधकांच्या प्रतिनिधीसमोर, व्हिडिओ चित्रीकरण करून, ओळखपत्र बघून आत सोडलेल्या सभासदांची. कमिटीवरचा माणूस किंवा त्याचा नातेवाईक विकासक असता कामा नये. मी एक प्रकरण पाहिलं, जिथे निविदा उघडण्याआधीच विकासकाच्या पैशातून सगळ्यांना दिवाळीची मिठाई गेली होती. डबे आले तेव्हा कोणी काही बोललं नाही. निवड झाल्यावर त्याच डब्यांचे फोटो विरोधकांच्या अर्जाला जोडलेले होते.

करारात काय बघाल? कार्पेट क्षेत्रफळ चौरस फुटांत आणि चौरस मीटरमध्येही, मोजणीच्या नकाशासह. भाडं किती महिने आणि उशीर झाल्यावर किती. बँक गॅरंटी. पार्किंग. रेरावर फार विसंबू नका. विक्रीचे फ्लॅट रेरात येतात, जुन्या सभासदांचा हिस्सा सहसा येत नाही, तेव्हा तुमचा खरा आधार नोंदणीकृत विकास करारच. एक दिलासा आहे. विकास करारावर मुद्रांक भरला असेल, तर प्रत्येक सभासदाच्या पर्यायी घराच्या करारावर बांधकाम खर्चाच्या हिशेबाने पुन्हा मुद्रांक मागता येत नाही, असा निकाल उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये दिला.

कुत्रा पाळायला बंदी करता येते का?

पाळीव कुत्र्यावर सरसकट बंदीचा ठराव टिकत नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचना तशाच आहेत. कुत्र्याला लिफ्टमध्ये मनाई करणं, जास्तीचा 'पेट चार्ज' लावणं हेही अंगाशी येतं. पट्टा, लसीकरण, घाण उचलणं हे मालकाने पाळावं यासाठी नियम करता येतात. भटक्या कुत्र्यांना खायला घालण्याची जागा २०२३ च्या नियमांप्रमाणे सोसायटीने ठरवून द्यायची आहे, मुलं खेळतात तिथून आणि जिन्यापासून दूर. जागा ठरवली नाही की गेटवर भांडण ठरलेलं.

जीएसटी?

दोन्ही अटी एकदम हव्यात : सभासदामागे महिना ७,५०० रुपयांहून जास्त वर्गणी आणि संस्थेची वार्षिक उलाढाल २० लाखांवर. दर १८ टक्के. कर सगळ्या रकमेवर की ७,५०० च्या वरच्या रकमेवर, यावर विभागाचं २०१९ चं परिपत्रक पहिल्या बाजूचं आहे आणि मद्रास उच्च न्यायालयाचा २०२१ चा निकाल दुसऱ्या. सीएला विचारा.

इमारत जुनी झाली. सक्तीचं काय काय आहे?

आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीला पाच वर्षांतून एकदा स्ट्रक्चरल ऑडिट, त्यापुढे तीन वर्षांतून एकदा. अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचं फॉर्म 'ब' प्रमाणपत्र दर जानेवारीत आणि जुलैत. अनेक ठिकाणी पंपाची खोली उघडली की आत जुन्या गणपतीचं मखर असतं.

तक्रार नेमकी कुठे करायची?

रेकॉर्ड, सभासदत्व, हिशेब, कमिटीचा कारभार : उपनिबंधक. सभेचा ठराव, पार्किंग, दुरुस्ती, सभासद-सभासद किंवा सभासद-संस्था वाद : कलम ९१ खाली सहकार न्यायालय. निवडणुकीचा वाद तिथेच, पण निकालापासून दोन महिन्यांत. बिल्डरने केलेलं सदोष काम, ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत : महारेरा. मारामारी, शिवीगाळ : पोलीस. एकाच वेळी चारही ठिकाणी अर्ज टाकणारे लोक असतात. त्यांच्या प्रत्येक अर्जाला 'प्रकरण अन्यत्र प्रलंबित' एवढंच उत्तर येतं.

कमिटीवर यायला कोणी तयारच नाही. काय होतं?

२५० पर्यंत सभासद असलेल्या सोसायट्या आपली निवडणूक स्वतः घेऊ शकतात, आणि कमिटीची मुदत पाच वर्षं. मुदत संपली आणि नवी आलीच नाही, तर उपनिबंधक प्रशासक नेमतात. त्याचं मानधन सोसायटीच्याच खात्यातून जातं. एका सोसायटीत असा प्रशासक आला होता. दर शनिवारी चार ते सहा बसायचा, चेकवर सह्या करायचा, सहा वाजता ऑफिसला कुलूप लावून किल्ली खिशात टाकून जायचा. पाण्याचा पंप एका रविवारी बंद पडला. मेकॅनिकला द्यायचे पैसे पुढच्या शनिवारी निघाले, तोवर टँकर सभासदांनी वर्गणी काढून मागवले. त्या महिन्याच्या सभेत पहिल्यांदा अकरा जणांनी हात वर केले.